पंधरा अणूंचा एक सेकंद

तो गुरुवार होता. अण्णांनी सकाळी दोनदा चहा घेतला, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं अर्धं सोडवून माझ्याकडे सरकवलं आणि "आडवा सात चुकीचा छापलाय" असं जाहीर करून ते अंघोळीला गेले. आडवा सात चुकीचा छापलेला नव्हता. मी तो भरून ठेवला आणि त्यांनी तो पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. दुपारी मेथीची भाजी होती. दिवाळीची सुट्टी संपायला चार दिवस होते, म्हणून मी घरी होते. एरवी या वेळी कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर असते.

तीन वाजता त्यांच्या कानातली यंत्रं वाजली. चार्जिंग संपत आलं की दोन सुरांचा इशारा व्हायचा.

"वाजली तुझी पिपाणी," अण्णा म्हणाले.

"रात्री डबीत ठेवत जा म्हणून रोज सांगते. मग दिवसा वाजणार नाही."

"रात्री विसरतो."

"मग आता ठेवा. सहापर्यंत होईल."

"तोवर मी काय करू? भिंतीकडे बघू?"

"पुस्तक वाचा."

"तुझी पुस्तकं वाचून माणूस बहिरा झालेला बरा," असं म्हणत ते हॉलमध्ये गेले. डबीचं झाकण लागल्याचा टक आवाज आला आणि तिच्यावरचा पिवळा दिवा लागला.

हा दिवा आमच्या घरात जूनपासून आला होता. त्याआधी आठ वर्षं अण्णा जुनी यंत्रं वापरत होते. त्यांत शर्टाच्या बटणापेक्षा लहान, एकदाच वापरायचे सेल लागत. सेलच्या पाठीवर बारीक भोकं, त्यांवर तपकिरी स्टिकर. स्टिकर काढला की हवा आत जाते आणि सेल सुरू होतो. आठवडाभर चालतो, मग संपतो. त्र्याऐंशी वर्षांच्या बोटांना तो बसवणं जमत नसे. सेल फरशीवर पडायचा आणि मग अण्णा काठीला बांधलेलं लोहचुंबक घेऊन पलंगाखाली शोधमोहीम काढायचे. मला त्याचा कंटाळा आला होता. शिवाय असे सेल दुकानांतून नाहीसे होऊ लागले होते, कारण सगळं जग पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांवर चाललं होतं. मी त्यांच्या वाढदिवसाला नवी यंत्रं आणली तेव्हा आमचं भांडण झालं.

"एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत बॅटरी रूम सांभाळली," ते म्हणाले होते. "गाड्यांच्या बॅटऱ्या चार्ज करण्यात जन्म गेला. आता माझ्या कानात तरी चार्जिंग नको."

"आणि तुम्ही आठवड्याला दोन सेल कचऱ्यात टाकता, ते चालतं?"

"मी कुठे टाकतो?"

हे खरं होतं. अण्णा सेल टाकत नसत. त्यात जस्त आहे, ती मातीत घालायची वस्तू नाही, कधीतरी गोळा करायला गाडी येईल तेव्हा देऊ, असं म्हणून ते प्रत्येक संपलेला सेल होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ठेवत. महिन्याला एक बाटली, त्यावर महिन्याचं नाव, उजव्या कानाच्या सेलवर मार्करचा ठिपका. आणि नवा सेल घातला की त्याचा स्टिकर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात चिकटवत, म्हणजे कधी घातला ते कळावं. डेपोतली सवय. तिथे प्रत्येक बॅटरीवर तारीख असे. नवी यंत्रं आली आणि कॅलेंडरवरचे स्टिकर बंद झाले. मी मनातल्या मनात जिंकले होते.

आणि पिवळ्या दिव्याचा एक फायदाही होता, जो मी कुणाला बोलून दाखवला नव्हता. दिवा लागलेला असला की अण्णांना काहीच ऐकू येत नसे. मग फोनवर आवाज खाली आणायला नको, दार लोटायला नको. घर तेवढ्यापुरतं माझं होत असे.

चार वाजता नागपूरहून अभयचा फोन आला. माझा धाकटा भाऊ. गुरुवारी करतो. मी ओट्याशी उभी राहून मेथीच्या उरलेल्या काड्या गोळा करत होते. हॉलमधला दिवा मला दिसत होता.

"ताई, तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत," अभय म्हणाला. तो नेहमीच असं म्हणतो. पुण्याची नोकरी सोडून मी अण्णांसाठी कराडला आले, असं तो आणि सगळेच नातेवाईक चार वर्षं म्हणत होते.

"आहेच मी," मी म्हणाले. "जाणार कुठे? हे असेपर्यंत माझं आयुष्य थांबलेलंच आहे. आणि हे अजून दहा वर्षं असेच असणार, बघ तू."

अभयने विषय बदलला. मग मुलांच्या शाळेबद्दल बोलला. मी फोन ठेवला, कुकर लावला, कपडे आत आणले.

सहा वाजता अण्णा स्वयंपाकघराच्या दारात आले. नवी यंत्रं कानांत होती.

"अभय काय म्हणतोय?"

"काही नाही. सगळे बरे आहेत."

"बरं," ते म्हणाले आणि उद्याचं शब्दकोडं आपण एकटेच सोडवणार असल्याचं सांगून गेले.

शुक्रवारी सकाळी सव्वाआठला ते खुर्चीतून उठताना कोसळले. मेंदूत रक्तस्राव. दुपारी दोनला हॉस्पिटलमध्ये वारले.

*

तिथल्या एका सिस्टरने त्यांच्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या होत्या. "मशीनच्या सेलची दारं उघडून ठेवलीत हं, म्हणजे बंद राहतील. माझ्या आजीलाही होती अशी," असं ती म्हणाली होती. मला ते तेव्हा कळलं नाही. पिशवी मी बाराव्या दिवशी उघडली. घड्याळ, चष्मा, कवळी, आणि कानाची यंत्रं.

जुनी.

मी ती बराच वेळ हातात धरून बसले. नवी यंत्रं घरी डबीत होती. शुक्रवारी सकाळी ती चार्जिंगला लावलेली असणार, कारण रात्री ते विसरले असणार. मग जुनी कानांत कशी? मी त्यांचं कपाट उघडलं. शर्टांच्या खाली एक खिशातली डायरी होती, आणि तिच्यात जूनपासूनचे तपकिरी स्टिकर. दर तीन आठवड्यांनी दोन. मला वाईट वाटू नये म्हणून कॅलेंडर सोडून ते कपाटात गेले होते. नवी यंत्रं चार्ज होत असताना ते जुनी घालून बसत.

शेवटचे दोन स्टिकर सात नोव्हेंबरच्या पानावर होते. तोच गुरुवार.

म्हणजे दिवा लागलेला होता आणि अण्णांना ऐकू येत होतं.

किंवा नव्हतं. कदाचित त्यांनी ती सहा वाजता घातली असतील. नाही, सहा वाजता नवी होती. कदाचित चारनंतर घातली असतील. कदाचित घातली असतील, पण डुलकी लागली असेल. स्वयंपाकघर आणि हॉल यांत बारा फुटांचं अंतर आहे. मी ते मोजलं. अभयला काही सांगितलं नाही. कॉलेज सुरू झालं, मी जाऊ लागले. लोक भेटायला येत, "तुझ्यासारखी मुलगी मिळायला नशीब लागतं," असं म्हणत, आणि मी त्यांना चहा देत असे.

*

जानेवारीत ग्रंथालयात येणाऱ्या एका विज्ञान मासिकात मी ती बातमी वाचली. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतल्या डॉ. फरीदा मुजावर यांना जस्ताच्या वापरलेल्या सेलमध्ये काहीतरी सापडलं होतं. लेखाच्या शेवटी एक ओळ होती: कुणाकडे श्रवणयंत्राचे, तारखा माहीत असलेले जुने सेल असल्यास कळवावे.

मी पत्र लिहिलं. आठ वर्षांचे आहेत. क्रमाने. दोन्ही कानांचे वेगळे.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः कराडला आल्या. पन्नाशीच्या, बारीक, सांगलीकडचं बोलणं. मी बाटल्यांचे ट्रे टेबलावर मांडले. शहाण्णव बाटल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ताई, हे कुणी केलं?"

"माझ्या वडिलांनी."

"कशासाठी?"

"गाडी येईल तेव्हा द्यायचे होते."

त्या हसल्या आणि मग एकदम त्यांचे डोळे भरून आले. मला संकोच वाटला. परक्या बाईने अण्णांच्या कचऱ्यासाठी रडावं, हे मला अपेक्षित नव्हतं.

त्यांनी मला जे समजावून सांगितलं ते असं. या सेलमध्ये जस्ताची पेस्ट असते आणि पाठीमागून येणाऱ्या हवेतला प्राणवायू तिला सावकाश जाळत जातो. ज्वाळा नाही, धूर नाही, पण आहे ते जळणंच. जळलेल्या जस्ताचा पांढरा थर हवेच्या बाजूने आत आत सरकतो. पूर्वी हा थर भुसभुशीत, कसाही पडत असे. दहा वर्षांपूर्वी गळती थांबावी म्हणून पेस्टमध्ये एक नवा जेल घालायला सुरुवात झाली, आणि कुणाच्याही मनात नसताना त्या जेलने एक वेगळंच काम केलं. त्याने जळलेल्या जस्ताला पातळ वळ्यांमध्ये बसवलं. झाडाच्या खोडात वर्तुळं असतात तशी. वीज जास्त ओढली तर वळी जाड, कमी ओढली तर पातळ.

"आणि श्रवणयंत्र वीज कशावर ओढतं?" त्यांनी मला विचारलं. शिक्षिकेसारखं थांबल्या.

"आवाजावर," मी म्हणाले.

"आवाजावर. मोठा आवाज आला की जास्त, शांतता असली की कमी. म्हणजे त्या माणसाने जे ऐकलं त्याचा चढउतार जस्तात उतरत गेला. सेकंद सेकंद. एका सेकंदाचं ऐकणं म्हणजे साधारण पंधरा अणूंची जाडी."

मी पंधरा अणू ही गोष्ट डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत होते.

"आणि चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांमध्ये?" मी शेवटी विचारलं.

"त्यांत काही राहत नाही. चार्ज करायचं म्हणजे झालेलं सगळं उलटं फिरवायचं. जस्त असो, लिथियम असो, होतं तिथे परत नेऊन बसवायचं. पाटी पुसून कोरी. म्हणून तर ती पुन्हा वापरता येते. जगाने चार्जिंगकडे वळावं हे बरोबरच आहे, ताई, मीही तेच सांगते लोकांना. एकदाच वापरायच्या सेलने आपण माती घाण केली. फक्त..." त्यांनी ट्रेकडे पाहिलं. "फक्त जो एकदाच जळतो त्याच्यातच लिहिलेलं उरतं."

मग त्यांनी माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. तशाच जेलचा सेल त्यात असेल तर त्यात प्रत्येक टिकटिक आहे, म्हणाल्या. विजेरीच्या सेलमध्ये अंधारात कुणी किती वेळ काय शोधलं ते आहे. खेळण्यातल्या सेलमध्ये एखादं मूल किती वाजता उठून खेळत होतं ते आहे. गावोगावच्या कचऱ्याच्या डोंगरांत, चिखलात, गंजत पडलेल्या करोडो सेलमध्ये दहा वर्षांचं माणसांचं वागणं थर थर रचलेलं आहे. पण कुणाचं, कधीचं, ते सांगता येत नाही. वह्या आहेत, पण पानं सुटी होऊन वाऱ्यावर गेलेली.

"आणि इथे," त्या ट्रेवरून हात फिरवत म्हणाल्या, हात बाटल्यांना न लावता, "एक माणूस आठ वर्षं काय ऐकत होता ते सगळं, बांधून ठेवलेलं."

एक अट होती. वाचताना सेल नष्ट होतो. आयनांचा झोत थर तासत जातो आणि तासताना वाचतो. प्रत्येक सेल एकदाच वाचता येतो.

मी शहाण्णवच्या शहाण्णव बाटल्या त्यांना दिल्या. शेवटचे दोन सेल मी दिले नाहीत. ते माझ्या पर्समध्ये होते, भोकांवर डायरीतले स्टिकर परत चिकटवून.

*

मार्चमध्ये त्यांनी मला पुण्याला बोलावलं. पंचवीस सेल वाचून झाले होते. तळघरातली खोली, कपाटाएवढं यंत्र, भिंतीवर पडदा. पडद्यावर एका सेलच्या आतलं चित्र होतं: पांढऱ्या-करड्या रेघा, एकीखाली एक, खाली खाली जाणाऱ्या, संपतच नाहीत अशा. त्यांनी चित्र मोठं केलं. एका रेघेत शंभर रेघा निघाल्या. आणखी मोठं केलं. त्यांतल्या एकीत पुन्हा शंभर. मी लहान असताना अण्णांनी एकदा हायड्रोमीटर माझ्या हातात देऊन बॅटरीच्या पाण्यात तरंगणारी काचेची नळी दाखवली होती, तेव्हा मला वाटलं होतं की विजेला वजन असतं. तसंच काहीतरी आता वाटलं. ऐकण्याला जाडी होती.

"हा पाच वर्षांपूर्वीचा जुलै," डॉ. मुजावर म्हणाल्या. "ऐका. शब्द नाहीत यात. संगणकाला सांगितलं तर तो भरून देईल, पण ते त्याचे शब्द असतील. मी भरू देत नाही."

स्पीकरमधून एक गुणगुण आली. भिंतीपलीकडून यावा तसा आवाज, नुसता चढउतार. मग एकदम तीन उंच ठोके.

"हे काय ते आम्हाला कळत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"कुकर," मी म्हणाले. "तीन शिट्ट्या. आई गेल्यावर ते वरणभात एवढंच करायचे."

खोलीतले दोघे विद्यार्थी हसले आणि त्यांनी लिहून घेतलं.

मग त्यांनी पंचवीस सेलचा आलेख एका ओळीत लावला. माझी अपेक्षा होती की तो दिवसभर हलत असेल. तसं नव्हतं. पहिली चार वर्षं तो बहुतेक सपाट होता. यंत्र बंद. दिवसच्या दिवस बंद, सेल हवेने आपोआप किंचित जळेल तेवढाच. फक्त रोज संध्याकाळी साडेसातला तो उठायचा, चार-पाच मिनिटं, आणि पुन्हा सपाट. आणि दर दुसऱ्या शनिवार-रविवारी सलग दोन दिवस उठलेला.

"हे कोडं आहे," डॉ. मुजावर म्हणाल्या. "यंत्र विकत घेतलेला माणूस ते घालत का नाही? आणि साडेसातला काय असायचं? बातम्या?"

मी आधी पाणी मागितलं.

"साडेसातला मी फोन करायचे," मी म्हणाले. "पुण्याहून. आणि दर दुसऱ्या शनिवारी कराडला जायचे."

 त्यांनी आलेख पुढे सरकवला. चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका मंगळवारी रेघ उठली आणि खाली आलीच नाही. तो मी पेट्या घेऊन परत आले तो दिवस. त्यानंतर कॉलेजात नोकरी लागली, आणि मग मी बाहेर असताना रेघ सपाट असायची आणि रोज संध्याकाळी पाच चाळीसला उठायची. कधी पाच अडतीसला. मी कोपऱ्यावर वळताना फाटकातून त्यांना दिसत असेन.

एवढं सगळं जस्तात होतं. एक माणूस कुणासाठी ऐकत होता ते. मी हजारो पुस्तकं हाताळली आहेत. कुणी कुणावर इतक्या बारीक अक्षरांत लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मी पर्स उघडली आणि दोन सेल टेबलावर ठेवले.

*

डॉ. मुजावरांना मी सगळं सांगितलं. पिवळा दिवा, फोन, ते वाक्य. वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"हे वाचायलाच हवं असं नाही, ताई," त्या म्हणाल्या. "नाही वाचलं तर दोन्ही शक्यता राहतात."

"दोन्ही शक्यता घेऊन चार महिने राहिले. आता एक द्या."

"आपण उजवा आधी वाचू. डाव्याचं नंतर बघू." त्यांनी डावा सेल एका काचेच्या नळीत घातला, तीतली हवा काढून दुसरा वायू भरला. त्यामुळे तो होता तसा थांबून राहणार होता.

उजवा सेल जेमतेम सुरू झालेला होता. हवेच्या बाजूला केसाएवढा पांढरा पट्टा, आणि पुढे सगळं न जळलेलं, चकचकीत जस्त. गुरुवारचे तीन तास, शुक्रवारची सकाळ. बस. झोताला त्याला तासायला दोन दिवस लागले. मी भावे आडनावाच्या एका मैत्रिणीकडे उतरले होते. तिला ग्रंथालयाचं काम आहे असं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्या खोलीत बसले. या वेळी विद्यार्थी नव्हते.

दुपारी तीन वाजून सहा मिनिटांनी यंत्र सुरू झालं होतं. पंख्याची घरघर. कागदाची चुरचूर, म्हणजे शब्दकोडं. लांबवर भांड्यांचा आवाज. चारला फोन वाजला. मग माझं बोलणं. मी ते वाक्य चार महिने रोज मनात म्हटलं होतं, त्याचा ठेका मला पाठ होता. हे असेपर्यंत. थांबलेलंच. अजून दहा वर्षं. बघ तू. शब्द नव्हते, पण प्रत्येक शब्दाची जागा तिथे होती. बारा फुटांवरून, भिंतीआडून, स्वच्छ.

म्हणजे ऐकलं होतं.

मी उठणार होते. आता काय व्हायला हवं ते मला माहीत होतं. रेघ सपाट व्हायला हवी होती. कोणीही यंत्र काढून ठेवलं असतं. मी काढून ठेवलं असतं.

"थांबा," डॉ. मुजावर म्हणाल्या. "हे बघा."

वाक्य संपल्यावर नऊ सेकंदांनी सगळी रेघ एक पायरी वर चढली होती. मग आणखी एक पायरी. पंखा मोठा झाला, भांडी मोठी झाली, माझा आवाज मोठा झाला.

"म्हणजे काय?"

"त्यांनी आवाज वाढवला. दोनदा बटण दाबलं."

"का?"

"ते जस्त सांगत नाही."

मी पुन्हा लावायला सांगितलं. नऊ सेकंद. एकशे पस्तीस अणू. एवढ्या जागेत म्हातारा माणूस खुर्चीत बसून काहीतरी ठरवत होता. मग त्याचं बोट कानामागे गेलं, आणि त्याने बंद करायचं सोडून आवाज वाढवला. नीट ऐकू आलं नाही म्हणून? आणखी काय बोलते ते ऐकायला? की नुसतंच, मी बोलत होते म्हणून? फोन ठेवल्यावर सहापर्यंत मी एक अक्षर बोलले नव्हते. कुकर, दोरीवरून ओढलेले कपडे, नळ, पावलं. तेवढा सगळा वेळ ते मोठ्या आवाजात माझी पावलं ऐकत होते. सहाला मिनिटभर कमी असताना सेल थांबला. मग ते नवी यंत्रं घालून दारात आले आणि अभय काय म्हणतोय म्हणून त्यांनी मला विचारलं. सांगायची संधी दिली. मी म्हणाले, काही नाही.

शुक्रवारची सकाळ मी ऐकली नाही. फक्त पाहिली. आठ तेराला एक उंच रेघ, त्यानंतर माझी दाट, तुटक हाक, पुन्हा पुन्हा. गाडी. लोक. अकरा चाळीसला शेवट, सिस्टरने दार उघडलं तिथे. तोपर्यंत आवाज वाढवलेलाच होता.

"डावा वाचला तर आणखी कळेल," थोड्या वेळाने डॉ. मुजावर म्हणाल्या. "दोन कानांतला फरक बघून दिशा काढता येते. तुम्ही बोलत असताना त्यांनी मान तुमच्याकडे वळवली का दुसरीकडे, एवढं सांगता येईल. कदाचित त्यावरून..."

"कदाचित त्यावरून कारण कळेल."

"हो."

त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यांनाही ते हवं होतं. जगात असा दुसरा सेल नव्हता. मला हवं होतंच. मान कुठे वळली. एवढंच तर विचारायचं होतं.

मी काचेच्या नळीकडे पाहिलं. आत केसाएवढा पांढरा पट्टा, आणि त्याच्यापुढे जवळजवळ अख्खा सेल कोरा.

"हा अजून चालेल?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"यंत्रात घातला तर चालेल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "चालेल. बाहेर काढून दोन-तीन मिनिटं हवा लागू द्यावी लागेल."

"मग तासू नका."

"ताई, पुढे लिहिलं की... मागचं पुसलं जाणार नाही, त्याची काळजी नाही. पुढचा थर त्याला लागूनच बसेल. पण सेल एकदा वाळला की इतकं बारीक वाचता येईलच असं..."

"वाळू दे. वाचायचा असेल तर नंतर कुणीतरी वाचेल. मला नको."

 मग त्यांनी नळी फोडली, सेल चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि बाहेर गेल्या. जाताना दार लावून घेतलं.

मी पर्समधून अण्णांचं डावं यंत्र काढलं. सेल बसवताना तो माझ्याही हातातून दोनदा निसटला. यंत्राचं इवलंसं दार बंद केलं. त्याने बारीक शीळ घातली, म्हणजे ते ऐकत होतं. अण्णांनी ऐकलेल्या शेवटच्या आवाजानंतर काही अणू सोडून नवी वळी बसायला लागली होती.

मी ते टेबलावर ठेवलं आणि त्याच्यासमोर बसले. काही सेकंद नुसतेच गेले. तेही लिहिले गेले असतील.

"अण्णा," मी म्हणाले. आवाज नेहमीसारखा मोठा केला, त्यांच्याशी बोलताना करायचे तसा, आणि मग लक्षात आलं की त्याची गरज नाही. "अण्णा, अभयशी मी जे बोलले ते तुम्ही ऐकलंत. ते खोटं नव्हतं. मी दमले होते. पण मी तुमच्यासाठी कराडला आले नव्हते. सगळे तसं म्हणायचे आणि मी म्हणू दिलं. तुम्हालाही तसंच वाटू दिलं. पुण्यात संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या घरात पाऊल टाकायची मला भीती वाटायला लागली होती. कुणालाच सांगितलं नाही. तुम्ही दार उघडलंत, पेट्या आत घेतल्यात आणि काही विचारलं नाहीत. मी तुम्हाला सांभाळलं नाही, अण्णा. तुम्ही मला सांभाळलंत."